घरी पाठवतील म्हणून लावलेली आग : एका पोलिश मजूर मुलाचं प्रकरण (१९४१-४२)

हे प्रकरण खरं आहे. जर्मनीत त्यावर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं आहे आणि मुलाचं नावही जाहीर आहे. इथं ते मुद्दाम वगळलं आहे. त्याच्या गावाचं आणि ज्या शेतावर तो राबला तिथल्या बाईंचंही नाव घेतलेलं नाही. एका सोळा वर्षांच्या पोराची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी सरकत गेली, आणि प्रत्येक टेबलाशी बसलेल्या माणसाला काय काय करता आलं असतं, हे पाहायचं आहे. मागे वळून सगळ्याचं खापर 'व्यवस्थे'वर फोडणं सोपं असतं. या प्रकरणात तसं करताना हात अडखळतो.

पार्श्वभूमी

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि महिन्याभरात त्या देशाचे लचके तोडले गेले. पश्चिमेचा पट्टा जर्मनीने स्वतःला जोडून घेतला, पूर्वेकडचा भाग सोव्हिएत संघाने घेतला. उरलेल्या मधल्या भागाला 'जनरल गव्हर्नमेंट' असं सरकारी नाव देऊन तिथं कारभारी म्हणून हान्स फ्रांक याला बसवलं. २६ ऑक्टोबर १९३९ ला हुकूम निघाला की १८ ते ६० वयाच्या प्रत्येक पोलिश माणसाला कामाची सक्ती राहील. १४ डिसेंबरला आणखी एक हुकूम आला आणि चौदा वर्षांची मुलंही त्यात ओढली गेली.

जर्मनीतली तरणी माणसं सैन्यात गेली होती आणि शेतं ओस पडायची वेळ आली होती. बटाटा लावायला, गाई-गुरं सांभाळायला हात हवे होते. आधी भिंतींवर पोस्टरं लागली, चांगली मजुरी मिळेल म्हणून. फारसं कुणी गेलं नाही. मग गावागावाला कोटा लावून दिला गेला, इतकी माणसं इतक्या तारखेला स्टेशनवर. तेही पुरेना तेव्हा रस्त्यात, बाजारात, चर्चमधून बाहेर पडणाऱ्यांना घेरून गाडीत कोंबायला सुरुवात झाली. पोलिश लोक त्याला 'वापांका' म्हणत, म्हणजे पकडापकडी. ऑगस्ट १९४४ पर्यंत जर्मनीत परदेशी मजूर आणि युद्धकैदी मिळून सुमारे ७६ लाख माणसं राबत होती. त्यांतली सुमारे १७ लाख पोलिश होती, आणि पोलिशांपैकी बहुतेक शेतीवर.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश छावणी ज्यांनी ऐकली-पाहिली आहे त्यांचा इथं घोटाळा होऊ शकतो, म्हणून सांगतो. १९४३ पासून पुढची काही वर्षं वळिवड्याला राहिलेली सुमारे पाच हजार माणसं पूर्व पोलंडमधली होती. स्टालिनने त्यांना सायबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं होतं आणि इराणमार्गे ती आपल्याकडे पोचली. हे प्रकरण उलट्या दिशेला, पश्चिमेकडे नेलेल्यांचं आहे. एकाच देशातली माणसं, दोन शेजाऱ्यांनी दोन बाजूंना ओढलेली.

नेल्यावर काय, ते ८ मार्च १९४० च्या हुकुमांनी ठरवून टाकलं होतं. छातीवर उजव्या बाजूला चौकोनी बिल्ला, प्रत्येक बाजू पाच सेंटिमीटर, पिवळ्या कापडावर जांभळ्या किनारीत जांभळं 'पी' अक्षर. जर्मनीत माणसाला उघड्यावर खूण लावून फिरायला लावण्याची ही सुरुवात. ज्यूंच्या पिवळ्या ताऱ्याची सक्ती तिथं त्यानंतर दीड वर्षाने आली. पोलिश मजुराने मुक्कामाची जागा सोडायची नाही, रात्री बाहेर पडायचं नाही, परवानगीशिवाय बस-आगगाडीत चढायचं नाही, जर्मन माणसांच्या खानावळीत, नाचगाण्यात, त्यांच्या प्रार्थनेतही बसायचं नाही. जर्मन स्त्रीशी संबंध आला तर फाशी, आणि ती फाशी बघायला आसपासच्या पोलिश मजुरांना उभं करत. जर्मन मजुरापेक्षा कमी असलेल्या मजुरीतून १९४० पासून वर १५ टक्के खास कर कापला जाई. का, तर पोलिश आहे म्हणून.

आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो तेव्हा निदान बोली होते. धान्य किती, कपडे किती, घरी कधी जायचं. गडी अडलेला असतो, मालक वरचढ असतो, पण वर्ष संपतं. या मुलाच्या बाबतीत बोलीच नव्हती, आणि कधी परत जायचं या प्रश्नाला तर उत्तरच नव्हतं.

घटना

मुलगा एप्रिल १९२५ चा, मध्य पोलंडमधल्या एका खेड्यातला. एप्रिल १९४१ मध्ये, सोळावं पूर्ण झाल्यावर लगेचच, तो ब्रेमेन शहराच्या उत्तर कडेला असलेल्या एका शेतावर पोचला. घरापासून सरळ रेषेत ८०० किलोमीटरच्या आसपास. जर्मन भाषेचा एक शब्द त्याला येत नव्हता. बहुधा पहिल्यांदाच तो इतक्या लांब, एकटा आला होता.

पहिल्याच दिवसांत तो पळाला. पायी. किती दिवस लागतील, वाटेत किती चौक्या, याचा अंदाज त्याला असणं शक्यच नव्हतं. धरला गेला आणि परत आणून सोडला गेला.

मग त्याने डोकं लढवलं. या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करणारी जागा हीच, कारण त्याचं गणित पोराचं आहे. कामाचा नाही, उपद्रवी आहे असं दिसलं की मालक गड्याला हाकलून देतो. त्याच्या गावात तसंच होत असणार, आपल्याही गावात तसंच होतं. २९ एप्रिल १९४१ ला त्याने शेतावरच्या कोठाराला आग लावली. शिक्षा म्हणून घरी पाठवतील, हा हिशोब. आग लागल्यावर विझवायला तोही धावला. माणूस कुणी दगावलं नाही.

शेतावरच्या बाईंनी गेस्टापोकडे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडे, तक्रार केली आणि त्याला अटक झाली.

नेमका पेच

वरवर पाहता प्रकरण सरळ आहे : जाळपोळ झाली, कुणी केली ते माहीत आहे. पण ती दोन वेगवेगळ्या भाषांत वाचता येत होती. एका वाचनात हा घरच्या ओढीने कासावीस झालेला अल्पवयीन मुलगा होता आणि त्याने मूर्खपणा केला होता. दुसऱ्या वाचनात युद्धकाळात जर्मन अन्नसाठ्यावर शत्रुराष्ट्राच्या माणसाने केलेला हल्ला होता. ५ सप्टेंबर १९३९ च्या एका वटहुकुमात दुसऱ्या वाचनाची सोय तयारच होती. जाळपोळ करून जर्मन जनतेची प्रतिकारशक्ती कमकुवत करणारा 'फोल्क्सशेडलिंग', म्हणजे आपल्या शब्दांत लोककंटक, आणि त्याला मृत्युदंड.

पहिल्या वाचनालाही जर्मन कायद्याचाच आधार होता, हे विसरलं जातं. १९२३ चा बालगुन्हेगार कायदा रद्द झालेला नव्हता. त्यानुसार अठराच्या आतल्याला मृत्युदंड देता येत नसे, जास्तीत जास्त दहा वर्षं कैद. ऑक्टोबर १९३९ मध्ये नाझींनी त्याला एक भगदाड पाडलं होतं : सोळा वर्षांवरचा आरोपी मनाने अठरा वर्षांच्या माणसाइतका वाढलेला असेल तर त्याला प्रौढ धरता येई. म्हणजे मुलाच्या मनाची वाढ किती, हा प्रश्न तरी विचारावा लागत होता. घरी पाठवतील म्हणून कोठार पेटवणाऱ्या आणि मग बादली घेऊन धावणाऱ्या पोराबद्दल त्याचं उत्तर काय आलं असतं?

पेच असा की हा प्रश्न कुणी विचारायचा, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. प्रत्येक टप्प्यावर तो पुढच्या टेबलावर ढकलता येत होता.

कुणापुढे कोणते पर्याय होते

शेतावरच्या बाई. त्यांना भीती वाटली असेल, हे मला समजतं. पेटलेलं कोठार कुणालाही हादरवतं. आग लपवून ठेवता येण्यासारखी नव्हती, आणि न कळवणं हाही त्या काळात धोका होता. तरी कळवायचं कुणाला आणि काय सांगून, यात त्यांना थोडी मोकळीक होती. मजूर बदलून मागायचा तर कामगार कचेरीकडे जाता येत होतं. मजुरांचं वाटप तिकडूनच होई. त्या गेल्या गेस्टापोकडे, आणि पोलिश मजूर एकदा गेस्टापोच्या दारात गेला की साध्या पोलीस ठाण्याकडे परतीची वाट उरत नसे. बाईंना हे पूर्ण ठाऊक होतं की नाही, यावर मी पैज लावणार नाही. अंदाज नक्की होता, असं मला वाटतं. ८ मार्च १९४० चे नियम मालकांनाही कळवलेले होते.

गेस्टापो. त्यांच्यापुढे त्यांच्याच रीतीतले दोन रस्ते होते. पहिला म्हणजे 'कामसुधार छावणी'. कामचुकार ठरवलेल्या मजुरांना तिथं काही आठवडे ठेवून मोडायचे आणि कामावर परत पाठवायचे. साऱ्या पोलीसखात्याचा प्रमुख हिमलर याच्या मे १९४१ च्या हुकुमाने तिथली मुदत जास्तीत जास्त ५६ दिवस ठरवली, आणि ब्रेमेनजवळ फार्गे इथं अशी छावणी होतीच. जागा भयंकर, पण तिला शेवटची तारीख असे. दुसरा रस्ता छळछावणीचा, आणि त्याला तारीख नसे. त्यांनी दुसरा निवडला. मुलाला हॅम्बुर्गजवळच्या नॉयनगामे छळछावणीत धाडलं.

सरकारी वकील. माझ्या मते या प्रकरणाचा खरा खिळा इथं ठोकला गेला, आणि लेखांमधून तो बऱ्याचदा निसटतो. मुलाने आग लावली एप्रिल १९४१ मध्ये. पोलिश आणि ज्यू यांच्यासाठीचा वेगळा फौजदारी वटहुकूम निघाला ४ डिसेंबर १९४१ ला. तो मुख्यतः जर्मनीला जोडलेल्या पोलिश प्रदेशासाठी होता. पण १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडच्या हद्दीत राहणाऱ्याने जर्मनीत कुठेही गुन्हा केला तरी तो लागू धरता येई. त्यात पोलिश आरोपीला जर्मन न्यायाधीशावर पक्षपाताचा आक्षेप घ्यायची मुभा नव्हती. पोलिश साक्षीदाराला शपथच द्यायची नव्हती. आणि अल्पवयीनालाही मृत्युदंड देण्याची मोकळीक त्यात शब्दांत लिहिलेली होती.

तरीही मुलाचं कृत्य सात महिने आधीचं होतं. कायदा मागच्या तारखेला लावायचा नाही, हे कायद्याचं पहिलं पुस्तक वाचणारा विद्यार्थीही सांगेल. म्हणून ३१ जानेवारी १९४२ ला पुरवणी वटहुकूम आला : आधीच्या कृत्यांनाही हे नियम लावता येतील, सरकारी वकिलाची संमती असेल तर. 'संमती असेल तर' हे शब्द पुन्हा वाचावेत. मागच्या तारखेने गळफास टाकायचा की नाही, हे त्या वाक्याने एका माणसाच्या सहीवर सोपवलं होतं. सही न करणाऱ्याला काही होईल, असं त्यात लिहिलेलं नव्हतं. सही झाली.

न्यायाधीश. ब्रेमेनच्या विशेष न्यायालयापुढे आरोपी आला तेव्हा त्याने छळछावणीत नऊ महिने काढले होते. नॉयनगामेला विटांच्या कारखान्यासाठी माती उपसणं आणि नदीचा फाटा खोदून बोटींसाठी रुंद करणं ही कामं चालत, थंडीत, ओल्या चिखलात. युद्ध संपेपर्यंत त्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत किमान ४२,९०० माणसं मेली. म्हणजे खटला उभा राहण्याआधीच, कुठल्याही निकालाशिवाय, शिक्षा भोगून झाली होती. न्यायालयाला ती जमेला धरता आली असती. जुन्या बालकायद्याकडे वळून वयाचा प्रश्न विचारता आला असता. युद्धकाळात न्यायाधीशांवर दबाव होता हे खरं. पण नरम निकाल दिला म्हणून जीव गमावलेला न्यायाधीश मला या प्रकारच्या खटल्यांच्या इतिहासात दिसत नाही. बदली, बढती हुकणं, वरिष्ठांची खप्पामर्जी, इतकाच त्यांचा धोका होता.

न्यायमंत्रालय. विशेष न्यायालयाच्या निकालावर आरोपीला अपील नव्हतं. उरला फक्त दयेचा अर्ज.

प्रत्यक्षात काय झालं

८ जुलै १९४२ ला निकाल लागला. बालगुन्हेगार कायद्याचं कवच पोलिश मुलाला लागू नाही असं धरून त्याला लोककंटक ठरवण्यात आलं, आणि शिक्षा मृत्युदंडाची. दयेचा अर्ज फेटाळला गेला. २५ ऑगस्ट १९४२ ला हॅम्बुर्गच्या तुरुंगात गिलोटिनखाली त्याचं डोकं उडवण्यात आलं. वय सतरा वर्षं आणि पावणेपाच महिने.

त्या दिवशी ओटो टीराकला न्यायमंत्री होऊन पाच दिवस झाले होते. त्याआधी वर्षभराहून अधिक काळ मंत्रालयाचा कारभार पाहणारा फ्रान्झ श्लेगेलबेर्गर हा जुन्या वळणाचा, विद्वान म्हणून मान मिळवलेला कायदेपंडित होता, आणि डिसेंबर १९४१ चा वटहुकूम त्याच्याच काळातला. टीराकने पुढे महिन्याभरात हिमलरशी बसून ठरवलं की तीन वर्षांवर शिक्षा झालेले पोलिश कैदी न्यायखात्याने पोलिसांच्या हवाली करायचे. हेतू त्यांनी कागदावरच लिहिला : कामातून संहार. या मुलाच्या खटल्यात निदान न्यायालयाचं नाटक तरी झालं. नंतरच्या अनेकांच्या वाट्याला तेही आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हा प्रश्न नाझी जर्मनीबद्दल विचारणं काहींना भाबडं वाटेल. माझा अनुभव असा की विद्यार्थ्यांपुढे हे प्रकरण ठेवलं की पहिल्या पाच मिनिटांत सगळे म्हणतात, 'काहीच नाही, राज्यच तसलं होतं.' मग फाइल तारखांनुसार मांडली की वर्ग गप्प होतो. एप्रिल १९४१ आणि ऑगस्ट १९४२ यांच्यात जवळजवळ सोळा महिने आहेत. संतापाच्या भरात कुणी काही केलेलं नाही. आग विझली होती, मुलगा कोंडलेला होता, शेतावर दुसरा मजूर आला असणार. घाई कुणालाच नव्हती.

माझ्या हिशोबाने तीन जागा होत्या. पहिली, पळून गेलेल्या मुलाला परत आणून सोडलं ती. पळणं हीच त्याची तक्रार होती. त्याला दुसऱ्या शेतावर, दुसऱ्या पोलिश मजुरांच्या सोबतीला टाकलं असतं तर बोलायला निदान कुणी असतं. यात दयामाया लागत नाही. गड्याकडून काम हवं असलेल्या मालकालाही हे सुचू शकतं. दुसरी जागा गेस्टापोची : ५६ दिवसांची छावणी की बिनतारखेची. तिसरी आणि सगळ्यात स्वस्त जागा सरकारी वकिलाच्या संमतीची. तिथं काहीही न करणं पुरेसं होतं. नुसतं न केलेल्या एका सहीने बालकायद्याचं दार किलकिलं राहिलं असतं.

विद्यार्थ्यांचा एक आक्षेप दर वेळी येतो, आणि तो वाजवी आहे. वकिलाने संमती नाकारली असती तरी १९३९ चा लोककंटक वटहुकूम आणि सोळा वर्षांवरच्यांचं भगदाड शिल्लक होतंच. शेवट तोच झाला असता. कदाचित झाला असता. पण मग न्यायाधीशांना त्या पोराच्या समोर बसून, हा मनाने अठरा वर्षांचा आहे, असं स्वतःच्या हाताने लिहावं लागलं असतं. संमतीने त्यांची त्या वाक्यातून सुटका केली. एक टेबल दुसऱ्याचं काम सोपं करून देतं, ते असं.

मुलाने स्वतः काय वेगळं करायला हवं होतं, हेही कुणीतरी विचारतंच. मी त्यावर वेळ घालवत नाही.

त्यानंतर

श्लेगेलबेर्गरला न्युर्नबर्गच्या न्यायाधीश-खटल्यात डिसेंबर १९४७ मध्ये जन्मठेप झाली. काही वर्षांतच प्रकृतीच्या कारणावरून तो बाहेर आला. टीराकने खटल्याआधीच १९४६ मध्ये आत्महत्या केली होती. हान्स फ्रांक, आणि १९४२ पासून साऱ्या मजूरभरतीचा प्रमुख असलेला फ्रिट्झ साउकेल, दोघांना १६ ऑक्टोबर १९४६ ला फाशी झाली.

मुलावरचा निकाल मात्र कागदोपत्री जिवंत राहिला. पश्चिम जर्मनीच्या दप्तरात तो चार दशकांहून जास्त काळ एक शिक्षा झालेला जाळपोळ्या होता. काही नागरिकांनी आणि कायद्याच्या अभ्यासकांनी पाठपुरावा केला, तेव्हा १९८७ मध्ये ब्रेमेनच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. नाझी काळातले असे अन्यायी निकाल एकगठ्ठा रद्द करणारा देशव्यापी कायदा आणखी अकरा वर्षांनी आला. त्याची तारीख २५ ऑगस्ट १९९८, मुलाचं डोकं उडवलं त्या दिवसाची. हा योगायोगच आहे. तारीख निवडताना कुणाच्या मनात तो मुलगा असण्याचं कारण नाही.

भरपाईची गोष्ट त्याहून उशिराची. २००० मध्ये जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून १० अब्ज मार्कांचा निधी उभा केला, आणि २००७ पर्यंत त्यातून जगभरातल्या १६ लाखांहून अधिक माणसांना रक्कम मिळाली. शेतीवर राबलेल्यांना तो निधी द्यायचा की नाही यावरही वाद झाला होता. पोलंडने त्यांचा आग्रह धरला, कारण पोलिश मजुरांत बहुतेक शेतावरचेच होते. वारसांसाठी अट अशी होती की राबलेला माणूस १६ फेब्रुवारी १९९९ ला किंवा त्यानंतर वारलेला असला पाहिजे, तरच त्याच्या घरच्यांना अर्ज करता येईल.

वाचला असता तर त्या तारखेला हा मुलगा ७३ वर्षांचा असता.